दिवसा पेटलेलं दीपगृह

१

दीपगृहाच्या डोक्यातून धूर निघत होता, आणि तोही भर दुपारी.

वाटाडीनं तो सगळ्यात आधी पाहिला. तिला सगळे वाटाडीच म्हणायचे, कारण कड्याकडेच्या वाटेवरून लोकांना त्या जुन्या दीपगृहापर्यंत न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं, हाच तिचा धंदा होता. शेवटच्या वळणावर ती नेहमी थांबायची, "आता समोर बघा" म्हणायची, आणि लोक आ वासायचे. आज तिचाच आ वासला. पांढऱ्या मनोऱ्याच्या घुमटाला हवेसाठी भोकं ठेवलेली होती. त्या भोकांतून काळा धूर वर चढत होता.

त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी, दोन खोल्यांत, तिचे वडील राहत होते.

तिच्या मागे आज तिघंच होती. एक चष्मेवाला, ज्याला दिसेल त्या गोष्टीचं स्पष्टीकरण द्यायची खोड होती. त्याची बायको, जिला ती स्पष्टीकरणं लग्नापासून पाठ होती. आणि अधिकारी बाई. पहिली दोघं हौसेनं आली होती. बाई हौसेनं आल्या नव्हत्या. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती ज्या खात्याकडे होत्या त्या खात्यानं त्यांना एक गोष्ट ठरवायला पाठवलं होतं: तिथला म्हातारा रखवालदार अजून कामाचा उरलाय की नाही.

त्या एका गोष्टीवर सगळं लटकलेलं होतं. दीपगृहाचा दिवा केव्हाच बंद झाला होता, जहाजं आता यंत्रं बघून चालतात. पण वर माणसाहून उंच असं जुनं भिंग अजून उभं होतं. खात्याची बोली अशी होती की ते भिंग सांभाळायला रखवालदाराचे हात आणि डोकं चालतंय तोवर त्यानं तिथंच राहायचं, आणि रखवालदार आहे तोवर वाट सगळ्यांना खुली. म्हातारा निकामी ठरला की ते टोक एका कंपनीच्या घशात जाणार होतं. कंपनी तिथं बड्या लोकांसाठी विश्रामगृह काढणार होती आणि वाटेवर फाटक घालणार होती. म्हणजे म्हाताऱ्याचं घर गेलं, पोरीची वाट गेली, आणि समुद्रालाही कुलूप लागलं.

वाटाडी उतारावरून पळत सुटली. मागून बाकीची धापा टाकत आली. वाट शेवटी कड्याखालच्या ज्या वाळूच्या पट्टीवरून जाते ती भरतीत बुडते, म्हणून ती नेहमी ओहोटी लागल्यावरच लोकांना घेऊन निघायची. आजही ती निघाली तेव्हापासून पाणी मागेच सरत होतं. दीपगृहाच्या धक्क्यापाशी एक छोटी निळी होडी कोरड्या वाळूवर कलंडून पडली होती. चष्मेवाल्यानं तिला टेकून बुटातला खडा काढला, आणि आग लागली असताना खडे काय काढताय म्हणून बायकोनं त्याला हाणलं.

पायऱ्या चढून ती वर पोचली तोवर धूर थांबला होता. वडील मनोऱ्याच्या दारात उंबऱ्यावर बसले होते. अंगावर ओरखडा नाही, पण चेहरा असा, की कुणीतरी आतून काहीतरी काढून नेलंय.

"पोरी," ते म्हणाले, "मी पडदे ओढायला विसरलो बहुतेक."

२

ज्याला भिंगाची ओळख नाही त्याला या वाक्यातलं वजन कळणार नाही. ते भिंग आतल्या दिव्याचा उजेड गोळा करून मैलोगणती लांब फेकायला बनवलेलं. पण काचेला आत-बाहेर कळत नाही. बाहेरचं ऊन तिच्यावर पडलं तर ती तेही गोळा करते, आणि ते जिथं पडेल तिथं जाळ होतो. म्हणून भिंगाच्या खोलीला चहूबाजूंनी काचा, आणि काचांच्या आतून छतापासून जमिनीपर्यंत जाड कापडाचे पडदे. सूर्य उगवायच्या आत ते ओढायचे आणि मावळल्यावरच उघडायचे. वाटाडीला आईच्या आवाजाच्या बरोबरीनं आठवायचा तो पडद्यांच्या पितळी कड्यांचा सकाळचा खळखळाट. पडदे विसरणं म्हणजे चूक नव्हती. रखवालदार संपला, असा त्याचा अर्थ होता.

तेवढ्यात मनोऱ्यातून व्यवस्थापक बाहेर आला. कंपनीचा माणूस. बाह्या सारलेल्या, हातात रिकामी बादली, कपाळावर बेताचाच घाम. हा माणूस नेहमी हळू आणि गोड बोलायचा, आणि म्हणूनच वाटाडीला त्याची शिसारी होती. दुसऱ्याचं घर गिळणारी माणसं हल्ली ओरडत नाहीत. ती खांद्यावर हात ठेवतात.

त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की होतं."

बाईंनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं नीट सांगितलं. तो समुद्रातून होडी वल्हवत येत होता. धूर दिसला, होडी धक्क्याला लावली नि धावत वर गेला. जागा बघायला म्हणून खात्यानं दिलेली मनोऱ्याची दुसरी किल्ली कंपनीकडे होतीच. पुसायच्या चिंध्या भिंगापाशी बाकावर पडलेल्या होत्या आणि जळत होत्या, पडद्यांची एक कड पेटली होती, खोलीत धूर कोंडलेला. त्यानं पाणी मारून विझवलं.

"आणि पडदे?"

"उघडे होते, मॅडम. सगळेच्या सगळे खांबांपाशी गोळा केलेले. एकसुद्धा ओढलेला नव्हता." मग सुस्कारा टाकून त्यानं जोडलं की हे सांगताना त्याला फार वाईट वाटतंय.

सगळे गोल जिन्यानं वर गेले. पडदे खरंच खांबाखांबाला गोळा झालेले, ओले, लोंबत होते. भिंग काजळीनं असं माखलं होतं की वाटाडीला ते बघवेना. बाकावर चिंध्यांचा काळा लगदा. बाई काचेपाशी गेल्या आणि बाहेर बघत राहिल्या. समुद्र लखलखत होता. चष्मेवाल्याची बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, अगंबाई, इथून तर आपली अख्खी वाट दिसते, तो बघा तो दगड, ज्याच्यावर मी पाणी प्यायला बसले होते. चष्मेवाल्यानं तोवर भिंगाला, कठड्याला, जिन्याच्या भिंतीला हात लावून आग कशी पसरली असेल हे स्वतःलाच समजावून घेतलं होतं.

खाली आल्यावर बाईंनी म्हाताऱ्याला सरळच विचारलं. त्यांचा आवाज कडक होता, पण दुष्ट नव्हता. आज सकाळी पडदे ओढले होते का?

म्हाताऱ्यानं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"ओढले असं वाटतंय, बाई. पण मला वाटतं त्याचं काय? किल्लीही मी खुंटीवर ठेवली असं वाटलं होतं, ती पिठाच्या डब्यात सापडली. पाण्याच्या टाकीचा नळ मी बंद केला असं वाटलं होतं, अख्खी टाकी रिकामी झाली. आता हे." त्यानं मान हलवली. "डोक्यात कुठंतरी भोक पडलंय माझ्या."

घर गेलं तर माणूस दुसरीकडे राहील. पण हा माणूस स्वतःच्याच डोक्याला चोर समजून जगणार होता, मरेपर्यंत.

बाई म्हणाल्या, भरती चढायच्या आत आपल्याला परतायचंय, त्याआधी मी काय ते सांगेन.

वाटाडी तोंडावर पाणी मारायला मागच्या अंगणात गेली. तिथं तिचा भाऊ हात धूत होता. त्याच्या बाह्यांना रॉकेलचा भपकारा येत होता.

३

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बापाची देखभाल करायची म्हणून या टोकावर राहिलेला आणि त्यापायी दोन सोयरिकी मोडलेला. कुठलीच मुलगी इतक्या लांब वाऱ्यात राहायला तयार नव्हती. त्याला इथून सुटायचं होतं आणि ते त्यानं कधी लपवलं नव्हतं.

तिनं त्याला रॉकेलबद्दल विचारलं. त्यानं मागच्या खोपटाकडे मान उडवली. तिथं पाणी चढवायचा जुना रॉकेलचा पंप धडधडत होता. बाबा स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी सरबताच्या खटपटीत होते आणि हा सकाळपासून पंपाशी झटत होता. या धडधडीत काही ऐकू येत नाही. बाबांनी खोपटाच्या दारात येऊन आग आग अशी आरोळी ठोकली तेव्हा तो धावला, आणि जिन्यात त्याला व्यवस्थापक रिकामी बादली घेऊन खाली येताना भेटला.

"खात्याला बाबांच्या विसरण्याचं कुणी कळवलं?" तिनं विचारलं.

दादानं हात पुसले. "मी."

वाटाडी एक पाऊल मागे सरली.

"असं बघू नकोस माझ्याकडे," तो म्हणाला. "तू चार लोक घेऊन येतेस, सरबत पितेस नि जातेस. त्यांच्या उशाशी रात्रभर मी बसतो. किल्ली हरवली त्या दिवशी म्हातारा लहान मुलासारखा रडला, ते तू पाहिलंस? उद्या जिन्यावरून पडले तर मी काय करू, तुला शिट्टी मारू?"

तिला राग आला होता, पण तो खरं बोलत होता हेही कळत होतं, आणि ही दोन्ही एकदम सोसणं कठीण असतं. तिनं एवढंच म्हटलं की सगळं तुझ्यापासूनच सुरू झालं म्हणजे. दादा म्हणाला, नाही, माझ्या तर लक्षातही आलं नसतं, मला पहिल्यांदा व्यवस्थापकसाहेबांनी सांगितलं, काकांकडे जरा लक्ष ठेवा म्हणून. फार काळजी करतात ते. किल्ली पिठाच्या डब्यात आहे हेसुद्धा त्यांनीच शोधून दिलं.

वाटाडी ओल्या तोंडानं तशीच उभी राहिली. पिठाच्या डब्यात किल्ली शोधायची कुणाला कशी सुचते?

आणि मग खालच्या धक्क्यावरची होडी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

४

तिला धीर धरता आला नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. ती थेट ओसरीवर गेली, जिथं बाई, व्यवस्थापक, चष्मेवाला आणि त्याची बायको सरबत घेऊन बसले होते, आणि सगळ्यांसमोर तिनं विचारलं.

"साहेब, धूर दिसल्यावर तुम्ही होडी लावलीत?"

"हो, ताई."

"पाण्यात की वाळूत? कारण तुमची होडी कोरड्या वाळूवर पडलीय. आम्ही निघाल्यापासून पाणी मागे सरतंय. आत्ता आलेली होडी पाण्यात डोलायला हवी होती. ती वाळूत रुतलीय, कारण तुम्ही पाणी धक्क्याला होतं तेव्हा आलात. धूर निघायच्या कितीतरी आधी."

चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, भरती-ओहोटीचं स्पष्टीकरण द्यायला असावं, पण बायकोनं त्याच्या मांडीवर हात ठेवला.

व्यवस्थापक हसला. अगदी ओशाळं, छान हसला. बरोबर आहे ताईंचं, तो म्हणाला. तो लवकरच आला होता, कड्याच्या त्या अंगाला जमीन बघत हिंडत होता. काकांना वाटलं असतं की ते जिवंत असताना हा जागा मापतोय, म्हणून लाजेनं खोटं बोलला. त्याबद्दल त्यानं हात जोडले. "पण मॅडम, मी केव्हा आलो यावरून पडदे बंद होते असं होतं का? वर जाऊन पाहिलं ते तुम्हीही पाहिलंत."

बाईंनी वाटाडीकडे पाहिलं. "त्यांनी मला एकदा खोटं सांगितलं, ते मी विसरणार नाही. पण लवकर येणं हा गुन्हा नाही. मला पडद्यांचं सांगा. दुसरं काही आहे?"

नव्हतं. वाटाडीला वाटलं पायाखालचा कडा सुटतोय. आत बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी हळूच हाक मारली, पोरी, राहू दे, भांडू नकोस, मी दादाबरोबर जातो कुठंतरी.

मग चष्मेवाल्याच्या बायकोचा आवाज चढला. नवऱ्यानं चष्मा पुसायला काढला होता आणि पुसण्याऐवजी काजळीनं बरबटवला होता. कुठं कुठं हात घातलास बाबा, ती म्हणत होती. तो बिचारा सांगत होता की कुठंही लावला तरी तेच झालं असतं, वर भिंग काळं, भिंत काळी, कठडा काळा, छतसुद्धा काळं, वर सगळंच काळं आहे.

वाटाडी गर्रकन वळली.

वर सगळंच काळं नव्हतं.

५

तिनं सगळ्यांना, अंगणातून आलेल्या दादालाही, पुन्हा वर नेलं. व्यवस्थापक म्हणाला त्याचे पाय दुखतायत. बाई म्हणाल्या, माझेही दुखतायत, चला.

वाटाडी भिंगाच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. आता तिचा आवाज शांत होता, आणि दादाला पहिल्यांदाच तिची जरा भीती वाटली.

"मॅडम, मघाशी तुम्ही समुद्र बघितलात. कशातून?"

बाईंनी काचेकडे पाहिलं. मग काचेवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांनी दुसऱ्या काचेवर फिरवलं, तिसऱ्या. मग जिन्याच्या तोंडाशी असलेल्या आतल्या भिंतीला. भिंतीवरून बोट काळं निघालं.

"खोलीत धूर कोंडला होता," वाटाडी म्हणाली. "भिंग माखलं, छत माखलं. पडदे उघडे असते तर काचा आधी माखल्या असत्या. त्या कोऱ्या आहेत, कारण त्यांच्यापुढे काहीतरी होतं. दादा, तो पडदा ओढ."

दादानं ओला पडदा ओढला. कड्या खळखळल्या. सगळे बघत राहिले. कापडाची आतली बाजू वरपासून खालपर्यंत सारखी काळी होती. एकाच ठिकाणी, बाकाच्या बाजूला, मोठं जळकं भोक. बाहेरची बाजू जवळपास पांढरी.

गोळा केलेल्या पडद्याच्या चुण्यांत काजळी जात नाही, वाटाडी सांगत होती. चुण्या मोडल्या की काळे-पांढरे पट्टे दिसले असते. आग घडीला लागली असती तर एक नाही, प्रत्येक घडीला एक भोक पडलं असतं, घडी घातलेला कागद फाडल्यासारखं. दादा एकामागून एक पडदे ओढत गेला. सगळे तसेच. पट्टा कुठंच नाही. खोली हळूहळू अंधारत गेली, आणि त्या अंधारात व्यवस्थापकाचा श्वास ऐकू यायला लागला.

"काचा मी पुसल्या," तो म्हणाला. "धुरात दिसेना म्हणून."

याचं उत्तर वाटाडीनं दिलं नाही. ते बाईंनी दिलं. "आग विझवून, खाली आरडाओरडा चालू असताना, तुम्ही सगळ्या काचा लख्ख पुसल्यात. आणि ज्याच्यासाठी हे दीपगृह उभं आहे ते भिंग तसंच ठेवलंत. कशानं पुसल्यात? ते फडकं दाखवा."

फडकं नव्हतं.

"पडदे बंद होते," वाटाडी म्हणाली, "म्हणून ऊन आत आलंच नाही. ऊन आलं नाही तर चिंध्या भिंगानं पेटल्या नाहीत, माणसानं पेटवल्या. बाबा खाली, दादा पंपाशी, आणि हे साहेब किल्ली घेऊन वर. यांची अडचण कळली का तुम्हाला? इथून अख्खी वाट दिसते, म्हणजे वाटेवरून इथला माणूसही दिसतो. काडी ओढताना पडदे बंद हवेत, नाहीतर आम्ही बघणार. आणि म्हातारा विसरला म्हणायचं तर पडदे उघडे हवेत. यांना दोन्ही हवं होतं. म्हणून आधी पेटवलं, मग विझवलं, आणि मग पडदे उघडले. आगीच्या आधी बाबांनी ओढलेले पडदे आगीच्या नंतर यांनी उघडले."

दादा पडद्याची कड हातात धरून उभा होता. तो फार हळू बोलला. किल्ली हरवली त्या दिवशी साहेब आले होते. टाकी रिकामी झाली त्याही दिवशी आले होते. मग त्यानं पडदा सोडला आणि व्यवस्थापकाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. वाटाडीनं त्याचं मनगट पकडलं.

"नको," ती म्हणाली. "हात मळतील."

व्यवस्थापकाचा गोडवा एका क्षणात आटला. तो म्हणाला, असल्या पडक्या मनोऱ्यासाठी एक म्हातारा किती दिवस सगळ्यांना अडवून धरणार, आज ना उद्या कुणीतरी हे करणारच होतं. बाईंनी त्याला बोलू दिलं. पूर्ण बोलून झाल्यावर त्यांनी त्याच्यापुढे हात केला आणि मनोऱ्याची किल्ली मागितली. खाली होडीत जाऊन बसा, त्यांनी सांगितलं, पोलिसांना मी बोलावते आहे, आणि पाणी चढेपर्यंत तुम्ही काही कुठं जाऊ शकत नाही.

चष्मेवाला त्याच्यामागून धक्क्यापर्यंत गेला. राखण करायला, असं तो म्हणाला. बायको म्हणाली, ऐकवायला.

६

म्हातारा अजून स्वयंपाकघरात, पाटावर बसला होता. वाटाडीनं पळत येताना काय काय म्हणायचं ते जुळवलं होतं, ते सगळं दारातच गळून गेलं.

"ओढले होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पडदे ओढले होते."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग दादाकडे. दादा मान खाली घालून म्हणाला की किल्लीही तुम्ही खुंटीवरच ठेवली होती. नळही बंद केला होता. मग त्यानं बापाचे गुडघे धरले.

म्हाताऱ्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर एकेक सुरकुती आपापल्या जागी परत येत होती, जशी माणसं आपापल्या घरी येतात.

"सकाळी उत्तरेकडची एक कडी अडकली होती," तो एकदम म्हणाला. "मी तिला मेणबत्ती चोळली. नंतर बाकीचे ओढले." आणि मग, खणखणीत: "मला आठवतंय."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की रखवालदार जागेवर राहील, वाट खुली राहील, आणि कंपनीनं या टोकाकडे फिरकायचं नाही याची व्यवस्था त्या स्वतः करतील. फार सुंदर बोलल्या. पण म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. तो खिडकीतून आभाळाकडे बघत होता.

"पडदे कुठायत आत्ता?" त्यानं विचारलं.

ओढलेत, दादा म्हणाला.

"ओले नि भोक पडलेले ओढलेत? सूर्य पश्चिमेला चाललाय, अजून चांगला वर आहे, आणि माझं भिंग फाटक्या कापडाच्या भरवशावर?" म्हातारा उठला. "चादरी काढा. सगळ्या. अंथरुणातल्यासुद्धा. मॅडम, तुमची उंची बरी आहे, तुम्ही वर चला."

पुढचा तासभर त्या मनोऱ्यात जे चाललं ते खात्यातल्या कुणाला सांगून पटलं नसतं. अधिकारी बाई चपला काढून स्टुलावर चढल्या होत्या आणि फुलाफुलांच्या चादरीचं टोक दोन्ही हातांनी वर धरून होत्या. दादा चिमटे लावत होता. चष्मेवाल्याची बायको तोंडात सुई धरून भोक शिवत होती आणि होडीची वल्ही काढून घेऊन परतलेल्या चष्मेवाल्याला शिडी धरायला लावली होती, बोलायचं नाही या अटीवर. मधोमध म्हातारा भिंगाची काजळी पुसत उभा, आणि सगळ्यांवर खेकसत होता.

"मॅडम, कोपरा सोडू नका. ऊन तुमचा हुद्दा बघून आत येत नाही."

"नाही सोडत, काका," बाई म्हणाल्या.

खालून वाटाडी ओरडली की पाणी चढायला लागलंय, पट्टी बुडेल, आता निघायला हवं. मग भिंगाआडून म्हाताऱ्याचा आवाज आला, जिन्याच्या सगळ्या वळणांतून घुमत, अगदी जुना, अगदी भरलेला.

"पाहुणे आज इथंच राहतील. तू वर ये आणि हात लाव."

ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेली.